आमच्या घरची दारफाळणी

“ती वरची झडप आधी लाव. तिच्यातून मला ठमाबायचं अंगण दिसतं,” बाबा म्हणाले.

“दिसलं तर काय बिघडलं, बाबा?”

“उद्या दसरा. तिच्याकडे कोंबडीवडे असणार. मला दिसायला नकोत आणि वास तर अजिबात नको.”

मी स्टुलावर चढून झडप लावली. खाली माझी आठ वर्षांची दीना स्टूल धरून उभी होती. बाबा प्रत्येक खिडकीची कडी पुन्हा ओढून बघत होते. मी लावलेल्या कडीवर त्यांचा विश्वास नव्हता. तसा तो दुसऱ्या कुणाच्याच कामावर नसायचा.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. घाणा केव्हाच मोडीत गेला होता. त्या जागी बाबांचं तेलाचं छोटं दुकान होतं आणि त्याच्या मागे दोन खोल्यांचं घर. एके काळी रेवदंड्याच्या अलीकडच्या त्या गावात आमची सातआठ घरं होती. एकेक करून सगळी इस्राएलला गेली आणि बाबा तेवढे राहिले.

वर्षातला आमचा सगळ्यांत मोठा उपास किप्पूरचा. जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणत. आदल्या दिवशी ऊन असतानाच जेवून घ्यायचं, अंघोळ करून पांढरे कपडे घालायचे आणि दारंखिडक्या लावून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, चूल नाही, बाहेर पाऊल नाही, परक्याशी बोलणंसुद्धा नाही. घरात बसून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. बाबा म्हणायचे, त्या दिवशी आपण खालचं दार लावतो, कारण वरचं दार उघडं असतं. दिवस मावळला की ते बंद होतं. मग पुढच्या वर्षीच.

माझा नवरा बिन्यामीन रेल्वेत होता. आम्ही मनमाडला राहायचो आणि तिथं आमच्यातलं दुसरं एकही घर नव्हतं. त्या पावसाळ्यात शाळेत बाईंनी दीनाला विचारलं, तुम्ही कोण गं, तुमच्यात काय काय करतात? पोरगी उभीच राहिली. घरी येऊन तिनं मला तोच प्रश्न विचारला आणि माझंही पहिल्या दोन वाक्यांतच संपलं. मला प्रार्थना यायच्या त्या अर्ध्यामुर्ध्या, आईच्या मागून म्हटलेल्या. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मागून म्हणायलाही कुणी उरलं नाही. आता बाबांकडून दीनाला काही मिळालं तर मिळालं, नाहीतर आमच्या घरातलं हे सगळं माझ्याबरोबर संपणार होतं. त्या विचाराने मला झोप लागत नसे. म्हणून “यंदा दारफाळणी दसऱ्यालाच आहे, पोरीला घेऊन ये” असा बाबांचा निरोप आला, तशी मी बिन्यामीनला डबा कसा करायचा ते शिकवलं आणि गाडीत बसले.

बाबा काही संतबिंत नव्हते, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. शनिवारी दुकानाची पुढची फळी बंद असायची, पण कुणाच्या घरी पाहुणे आले आणि तेल संपलं, तर मागच्या दाराने बाटली भरून जायची. “पैसे उद्या दे, आज मी हात लावत नाही,” असं वर ऐकवायचे, म्हणजे देवाचा मान राखला. माडी त्यांना आवडायची. तोंड तर असं, की उधळलेल्या बैलालाही त्यांच्या शिव्या ऐकून शरम वाटावी. आणि रुसवा धरला की धरला. तालुक्याच्या गावी आमचं सिनेगॉग होतं. तिथं प्रार्थना चालवणारे हज्जन इलाजरकाका. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. पाच वर्षांपूर्वी भर सणाला बाबा मोठ्याने प्रार्थना म्हणत असताना इलाजरकाकांनी सगळ्यांदेखत त्यांची चूक काढली. बाबांनी हातातलं पुस्तक मिटलं, चपला घातल्या आणि चालू पडले. त्यानंतर त्यांनी सिनेगॉगची पायरी चढली नाही. देवाच्या दिव्यासाठी खोबरेल तेलाचा डबा मात्र दर सणाआधी एसटीच्या कंडक्टरबरोबर जायचा. “भांडण इलाजरशी आहे, दिव्याशी नाही,” असं ते म्हणायचे. यंदाचा डबाही त्याच सकाळी गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद घरात आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत बसलो. कौलातल्या काचेतून तेवढा उजेड येत होता. बाहेर गाव दसऱ्याच्या धांदलीत होतं. कुणीतरी सायकलला हार घालत होतं, पोरं आपट्याची पानं घेऊन धावत होती. आमच्या ओट्याशी आली की मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. “आज शेठचा दाराचा सण हाय, गप ऱ्हा,” असं ठमाबाय त्यांना दटावताना आम्हाला ऐकू आलं.

बाबा म्हणतील तसं दीना म्हणत होती. अर्थ विचारत होती. बाबांना येईल तेवढा ते सांगत होते, येत नव्हता तिथे दामटून पुढे जात होते.

“आजोबा, तुम्ही कशाकशाची माफी मागितली?”

“मोठी यादी आहे.”

“एक सांगा.”

बाबांनी माझ्याकडे चोरट्या नजरेने पाहिलं. “तोंडाची,” ते म्हणाले.

“मी वर्गातल्या सुलूची पेन्सिल मोडली आणि सांगितलंच नाही.”

“मग ते सुलूला सांग. माणसाचं माणसाशी मिटवावं लागतं. ते देव परस्पर मिटवत नाही.”

हे बोलताना त्यांना इलाजरकाका आठवले का, कोण जाणे. चेहऱ्यावर तरी काही दिसलं नाही.

लहान मुलांना आमच्यात उपासाची सक्ती नाही. दुपार झाली तशी मी दीनाला म्हटलं, चल, तुझ्यासाठी पुऱ्या झाकून ठेवल्यात. ती हटूनच बसली. आजोबांचा उपास आहे तर तिचाही आहे. ओठ सुकले होते, पोटातून आवाज येत होते, पण पोरगी ढिम्म हलेना. बाबा तोंडाने “खा गं” म्हणत होते, पण त्यांचे डोळे असे काही चमकत होते, की मी ताट परत झाकून ठेवलं. मला त्या दोघांकडे बघून किती बरं वाटलं, ते सांगता यायचं नाही. वाटलं, लागलं एकदाचं हे रोप.

तेवढ्यात ओट्यावर पत्र्याचा डबा खणकन आपटला आणि दारावर थाप पडली.

“हनोख! ए हनोख!”

बाबा ताठ झाले. तो आवाज त्यांनी पाच वर्षांत ऐकला नव्हता, पण ओळखायला क्षणही लागला नाही.

“इलाजर!” ते दबक्या आवाजात म्हणाले. “आजच्या दिवशी? आला कसा हा?”

“एसटीने आले असतील,” दीना म्हणाली.

“किप्पूरच्या दिवशी एसटीत बसला? हा हज्जन? आणि तिकिटाचे पैसे काय याच्या बापाने…” बाबांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. सकाळीच माफी मागितली होती ना तोंडाची.

“हनोख, अरे दार उघड. मी आहे.”

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही तिघंही श्वास रोखून बसलो. मग काडी ओढल्याचा आवाज आला आणि दाराच्या फटीतून धूर आत आला.

“बिडी!” बाबा उठून उभेच राहिले. रागाने त्यांची दाढी थरथरत होती. “विस्तव पेटवला! माझ्या ओट्यावर बसून, माझ्या दाराशी! आणि हा माझ्या चुका काढतो!”

खरं सांगते, त्या रागात त्यांना भलताच आनंदही झाला होता. पाच वर्षांचा रुसवा आज खरा ठरला होता. हज्जन पापी निघाला होता आणि बाबा दार लावून, उपाशीपोटी, पांढऱ्या धोतरात बसले होते. एवढं समाधान त्यांना वर्षभरात मिळालं नसेल.

बाहेर ठमाबाय आपल्या अंगणातून ओरडली, “काय वो काका, दार नाय उघडायचं आज. सन हाय नं त्यांचा.”

“कसला सण?”

“तुमचाच की. दार लावून बसायचा.”

“दारफाळणी?” इलाजरकाका हसले. “बाय, तो सण होऊन महिना झाला. गणपतीत झाला तो.”

दीनाने माझ्याकडे पाहिलं आणि मी बाबांकडे.

“हो का?” ठमाबाय म्हणाली. “शेठ तर काल सांजपासून आत बसल्यात. पोरगी नि नातपन आल्ये.”

बाबा हळूहळू खाली बसले. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग ते माझ्याकडे बघून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “सिपू, यंदा अधिक महिना होता.”

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. आमचे महिने चंद्रावर चालतात, हिंदूंचेही चंद्रावरच. पण जादा महिना दोघांचा वेगवेगळ्या वर्षी पडतो. म्हणून एखाद्या वर्षी दारफाळणी अगदी दसऱ्याला येते आणि एखाद्या वर्षी महिनाभर आधी, ऐन गणपतीत. बंद घरात बसून बाहेरच्या आरत्या ऐकल्याचं मला लहानपणापासून आठवत होतं. बाबांनाही आठवत होतं. पण दिवस काढायचं काम आईचं. ती सिनेगॉगमधून दरसाल चौकशी करून आणायची आणि म्हणायची, अमक्या दिवशी दार लावायचं. बाबा लावायचे. असं का, हे त्यांनी जन्मात कधी तिला विचारलं नाही. आई गेल्यावर पहिल्या वर्षी बाबांनी अंदाजाने दसऱ्याला दार लावलं, ते नेमकं बरोबर ठरलं आणि बाबांना वाटलं, एवढं काय त्यात, दसरा म्हणजे दारफाळणी. कुणाला विचारायचं तर इलाजरकाकांना विचारावं लागलं असतं.

आणि मी? मी मनमाडला बसून बाबांच्या निरोपाची वाट बघत होते.

मी उठून दार उघडलं. इतका लख्ख उजेड आत आला की आम्ही तिघांनीही डोळे मिटले. इलाजरकाका हातात तेलाचा रिकामा डबा घेऊन उभे होते. आमचे पांढरे कपडे, पालथी घातलेली भांडी, दीनाचं सुकलेलं तोंड, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. हसायला नको होतं, हे त्यांच्याही लगेच लक्षात आलं. त्यांनी बिडी ओट्याखाली टाकली.

“मला काय माहीत रे, हनोख,” ते म्हणाले. “यंदा सणाला तुझं तेल आलं नाही. मला वाटलं, राग आता दिव्यावरही निघाला. दुकानातून आणून वात लावली आम्ही. मग काल संध्याकाळी अचानक डबा आला. म्हटलं, हा माणूस विरघळला. त्याला लाज वाटत असेल, आपणच जाऊ. म्हणून रिकामा डबा द्यायच्या निमित्ताने आलो.”

बाबांनी मान वर केली नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले.

“गणपतीत,” ते म्हणाले. “गौरी गेल्या त्याच्या मागेपुढे. दुकानात गर्दी होती. मी दिवसभर तेल मोजलं. गणू सुताराला आईवरून शिवी दिली. दुपारी बांगडा खाल्ला, दोन खाल्ले. संध्याकाळी माडी. वरचं दार बंद होत होतं आणि मी इथे माडी पीत बसलो होतो.”

“हनोख, ऐक.”

“नाही, इलाजर. तू म्हणायचास ते खरं. मला काही येत नाही. जे येत होतं ते सिपूच्या आईचं, मिल्काचं होतं. मी नुसता कड्या लावणारा.” मग ते माझ्याकडे वळले. “सिपू, पोरीला जेवायला वाढ. आणि उद्याच्या गाडीने घेऊन जा. सकाळपासून जे शिकवलं ते विसरायला सांग. ज्याला दिवस कळत नाही, त्याच्याकडून काय घ्यायचं? तिला चुकीचं देण्यापेक्षा काही न दिलेलं बरं.”

बाबांना मी चिडलेलं पाहिलं होतं, आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, पण असं हात टेकलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यांनी हात टेकले की माझ्याकडे काहीच उरत नव्हतं. मनमाडला परत जाऊन मी दीनाला काय सांगणार होते? की आपण कोण आहोत ते आजोबांना ठाऊक होतं, पण त्यांचा दिवस चुकला?

“बाबा, असं नका बोलू,” एवढंच मला म्हणता आलं.

इलाजरकाका दारातच खाली बसले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज झाला. मग म्हणाले, “पेसाहचं तुला आठवतं? रानात असताना, मोशेच्या वेळचं?”

बाबा टोपीची कड चाचपत राहिले.

“मोशेने सगळ्यांना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सोडवून वर्ष झालं होतं. त्या सुटकेचा सण, पेसाह आला. सगळ्यांनी केला, पण काही माणसांना करता आला नाही. त्यांच्याकडे मयत झालं होतं. त्यांनी मढ्याला हात लावला होता, म्हणून सणाला चालत नव्हते. दिवस टळून गेला. ती माणसं मोशेकडे गेली आणि म्हणाली, आम्हालाच का बाहेर ठेवता? आमचं काय चुकलं? मोशेला उत्तर येईना. एवढा मोठा मोशे, पण तो म्हणाला, थांबा, विचारून सांगतो.”

“मग?” हे दीनाने विचारलं.

“मग देवाने सांगितलं, ज्यांचा दिवस मयतामुळे चुकला, किंवा जे लांब वाटेवर होते म्हणून चुकला, त्यांनी पुढच्या महिन्यात करावा. त्याच तिथीला. बरोबर एका महिन्याने.” काकांनी बाबांकडे पाहिलं. “तुझ्याकडे मयत झालं, हनोख. आणि ही पोरगी लांबच्या वाटेवर आहे.”

बाबांनी मान हलवली. “ते पेसाहचं. किप्पूरला असं कुठे सांगितलंय?”

मला वाटलं, काका आता काहीतरी जुळवून सांगतील. म्हातारा इतका खचलाय, तर कुणीही सांगितलं असतं. पण ते म्हणाले, “नाही सांगितलं. खोटं कशाला बोलू? किप्पूरला दुसरा दिवस नाही. मी साधा हज्जन आहे, मोशे नाही. विचारून सांगतो म्हणायचीही माझी सोय नाही.”

“झालं तर मग,” बाबा म्हणाले. “दिने, जेवून घे.”

दीना जागची हलली नाही. ती इतका वेळ या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. आता तिचा चेहरा रागाने लाल झाला.

“म्हणजे मी कालपासून उपाशी राहिले ते फुकट?”

“तसं नाही गं,” मी म्हणाले.

“तू नको सांगू. आजोबा सांगतील. फुकट?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर पांढरे पापुद्रे आले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनीच तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला होता. तिला ते काहीही सांगू शकले असते, पण तुझा उपास वाया गेला, हे सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

“फुकट नाही,” ते म्हणाले.

“देवाला दिसलं मी पाणी प्यायले नाही ते?”

“दिसलं असेल.”

“असेल?”

“दिसलं.”

“पण त्याचा दिवस नव्हता ना आज.”

“नव्हता. दिवस मी चुकलो. त्यात तुझी काय चूक? मी त्याचा दिवस विसरलो म्हणून तो तुला विसरेल का? असा नाही तो.”

“आणि तुम्हाला?” दीनाने विचारलं. “तुम्हाला विसरला?”

तोंडापर्यंत आलेलं ‘हो’ त्या पोरीसमोर बाबांना म्हणवेना. आणि ‘नाही’ म्हणायचं तर ते स्वतःला पटल्याशिवाय म्हणता येत नव्हतं, कारण दीना त्यांच्या डोळ्यांत बघत होती. मीही बघत होते. आयुष्यात मी कधी मनापासून प्रार्थना केली असेल तर ती त्या क्षणी, आणि तिच्यात शब्द एकही नव्हता.

“नाही,” बाबा म्हणाले. मग आपलंच बोलणं ऐकून नवल वाटावं तसे पुन्हा म्हणाले, “नाही. मलाही नाही विसरला. विसरला असता तर तुला कशाला पाठवली असती? आणि हा बिडीवाला तरी दाराशी कशाला आला असता?”

एवढं बोलून ते रडायला लागले. टोपी तोंडाला लावून, खांदे गदगदा हलवत रडले. इलाजरकाका उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

“मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं रे,” ते म्हणाले. “मलाच नंतर जेवण गेलं नाही. पण सांगायला आलो नाही पाच वर्षं. मीही कमी नाही.”

“तू चूक काढलीस ती चूक होतीच,” बाबा टोपीतूनच म्हणाले. “माफ कर. मी फार शिव्या घातल्या तुला. मनमाडपर्यंत ऐकू गेल्या असतील.”

“माझ्या कानावर आल्या सगळ्या. कंडक्टर सांगायचा.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. ठमाबाय अंगणातून टाचा उंचावून बघत होती. तिला काय वाटलं असेल, देव जाणे. बाबांनी डोळे पुसले, टोपी झटकली आणि डोक्यावर नीट बसवली.

“अजून ऊन आहे,” ते म्हणाले. “दीनाचा उपास पुरा होऊ दे. इलाजर, तू थांबशील?”

“मी सकाळी चहाभाकरी खाऊन निघालोय. माझा उपास नाही.”

“तुझा झालाय महिन्यापूर्वी. तू नुसता बस. आणि एक कर. मी म्हणताना चुकलो तर सांग. मोठ्याने सांग. पोरगी ऐकत्ये.”

मी दार लावलं. मग त्या बंद खोलीत दोन म्हातारे शेवटची प्रार्थना म्हणू लागले, दिवस मावळताना म्हणतात ती. बाबा अडखळले की काका शब्द सांगायचे, बाबा तो तसाच उचलायचे, आणि मागून दीनाचा बारीक आवाज यायचा. मीही म्हणत होते. विसरले म्हणून सोडून दिलेल्या ओळी आपोआप तोंडात येत होत्या. एका ठिकाणी काकांनी बाबांना तीनदा मागे आणलं. मला धडकी भरली, आता भडकतात. पण बाबांनी मुकाट्याने चौथ्यांदा म्हटलं, बरोबर म्हटलं, आणि दीनाकडे वळून म्हणाले, “हे असं म्हण. माझं आधीचं सोड.”

कौलातल्या काचेतला उजेड गेला. काकांनी दार थोडं उघडून बाहेर पाहिलं आणि चांदण्या दिसतात म्हणाले. मी काळ्या मनुकांचं सरबत गाळून ठेवलं होतं, त्यावर बाबांनी आशीर्वाद म्हटला आणि पहिला घोट दीनाला दिला. तिने पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. ठमाबायने वड्यांचं ताट पाठवलं. त्यातली कोंबडी आमच्या रीतीने कापलेली नसल्याने आम्हाला चालत नव्हती, वडे मात्र बाबांनी सगळ्यांच्या आधी उचलले. आदल्या दिवशी याच वासाला ते घाबरत होते, याची आठवण मी त्यांना करून दिली नाही.

माझ्या अंगातली कालपासूनची, खरं म्हणजे कित्येक महिन्यांची ओढाताण सुटली होती. भिंतीला टेकून मी त्या तिघांना खाताना बघत होते. आता मनमाडला एकटं असलो तरी भीती नाही, असं वाटत होतं. पुढे दीनाला आम्ही जे दिलं त्यात चुका असणारच होत्या. बाबांच्या होत्या, माझ्याही असतील. पण त्या दिवसानंतर मला त्यांची धास्ती वाटली नाही. दीना आता दोन मुलांची आई आहे आणि मी जिथं चुकते तिथं ती मला सरळ थांबवते.

पोट भरल्यावर दीना आजोबांच्या मांडीला रेलली. डोळे मिटायला आले होते, तरी प्रश्न संपले नव्हते.

“आजोबा, पुढच्या वर्षी दारफाळणी कधी? गणपतीत का दसऱ्याला?”

बाबांनी आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला ‘माहीत नाही’ असं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. येत नसेल तर ते दामटून द्यायचे. त्यांनी तोंड उघडलं, इलाजरकाकांकडे पाहिलं, आणि मग आई गेल्यापासून पहिल्यांदाच खदखदून हसले.

“मला काय विचारतेस?” ते म्हणाले. “मला त्यातलं काही कळत नाही. तुझ्या आजीचं होतं ते काम. या काकांकडून शिकून घे आणि तू मला सांग. तू सांगशील त्या दिवशी मी दार लावीन.”